नख अडकतंय

पलूसला, उसाच्या ट्रॉल्या वळतात त्या नाक्यावर
दस्तगीर नदाफांचं गॅरेज : तीन पत्रे, एक बाभळ,
बाभळीला टांगलेल्या जुन्या ट्यूबा.
अण्णांची राजदूत टेम्पोतून उतरवली.
चाचांनी किल्ली मागितली नाही,
किक नुसती हातानं दाबली.
कणकेत बोट रुतावं तशी ती खाली गेली.
"दम न्हाई," म्हणाले,
"पण कुठनं जातोय ते बघाय पायजे."

प्लग काढला. भोकावर अंगठा ठेवला.
मला म्हणाले, मारा किक.
फुस्.
चांगलं इंजिन अंगठा उडवून लावतं;
यानं फुंकर घातली,
पोराच्या खरचटल्यावर घालतात तशी.

मग गेज. काटा उठला, सत्तरला बसला.
"एकशेवीस पायजे."
मी पर्समधल्या वहीत सत्तर लिहिलं.
तहसीलमध्ये क्लार्क आहे मी,
आकडा दिसला की लिहिला जातो.

हेडच्या सांध्यावर साबणाचं पाणी.
एक बुडबुडा नाही.
प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल,
आणि पुन्हा किक, किक, किक.
काटा शंभरावर.
"ऑइलनं फट बुजली. म्हंजे चोर आतच हाय."

आई बाहेर पालथ्या क्रेटवर
भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.
तिला मी आणलं नव्हतं;
टेम्पोत ड्रायव्हरशेजारी तीच चढून बसली होती.

हेड निघालं. सिलेंडर निघाला.
पिस्टनच्या माथ्यावर काजळी, न घासलेल्या तव्यासारखी.
खालची रिंग खाचेत चिकटून गप्प.
चाचांनी सिलेंडर उजेडाला धरला
आणि मला बघायला दिला :
चकचकीत गोल भिंत,
आणि एक्झॉस्टच्या अंगाला एक उभा ओरखडा.
त्यांनी करंगळीचं नख त्यावरून आडवं फिरवलं.
"नख अडकतंय."
अठ्ठावीस वर्षं किर्लोस्करवाडीला
बोअरिंग मशीनवर काढलेल्या माणसाचा
एवढाच कायदा.

"ही कवातरी जाम झालीया.
बिनऑइलची पळवलीया कुणीतरी."

मी म्हटलं, शक्यच नाही.
अण्णा लिटरला चाळीस एमएल घालायचे,
बाटलीच्या टोपणानं, डोळ्यांसमोर धरून.
आमचं खोकल्याचं औषधसुद्धा इतकं मोजलं नाही कधी.

शेंगा फुटायच्या थांबल्या.

"ब्याऐंशी साली," आई म्हणाली.
"ते पुण्याला, जनावरांच्या दवाखान्याचं ट्रेनिंग.
चार दिवस."
पहिल्या दिवशी अंगणातल्या अंगणात.
दुसऱ्या दिवशी पदर खोचून पाटापर्यंत.
तिसऱ्या दिवशी भिलवडी सोडून
अंकलखोपच्या पुलावर.
टाकी सरली होती, कॅनमधलं ओतलं.
"त्यात काय मिसळायचं असतंय
हे सांगितलं होतं का कधी मला?"
पुलाच्या मध्यावर मागचं चाक धरलं.
कठड्याला टेकून उभी राहिली अर्धा तास,
"नदी बघितली. दुसरं करणार काय."
गार झाली तशी गाडी सुरू झाली.
घरी आणून पुसली,
स्टँडचा पाय जुन्याच खळग्यात बसवला.

आणि अण्णा जन्मभर म्हणत राहिले,
गाडी पहिल्यासारखी ओढत नाही.
पेट्रोलात भेसळ आहे म्हणाले,
पंपवाल्या चौगुल्याशी बोलणं टाकलं,
त्याच्या मुलीच्या लग्नालाही गेले नाहीत.
आई तेव्हा शेजारीच भाकरी थापत असणार.

चाचांनी काही न बोलता सिलेंडर तिच्यापुढं केला.
तिनं हात पदराला पुसला,
करंगळी आत घातली.
अडकली.
"एवढाच व्हय," म्हणाली.

"बोअर केलं की जातंय," चाचा म्हणाले,
"पन्नासचा पिस्टन टाकू. खूणसुद्धा ऱ्हाणार न्हाई."
मी हो म्हणायला तोंड उघडलं.
"आणि न्हाई केलं तर?" आईनं विचारलं.
"रिंगा बदलून चालंल तशी. पण चढाला रडंल."

तिनं एक शेंग उचलली, कानाशी हलवून बघितली,
फोडली.
"पुलापर्यंत चढ कुठाय," म्हणाली,
"सगळं सपाटच हाय की."