एका डॉलरची होडी

एल्फेजमामाने होडी मला एका डॉलरला विकली.
फुकट दिलेली वस्तू कागदाला पचत नाही म्हणाला.
डॉलर नेमका माझ्याकडे नव्हता;
त्यानेच उसना दिला,
मी त्याला दिला,
त्याने घडी घालून खिशात ठेवला
आणि बर्फाच्या पावतीच्या पाठीवर लिहिलं:
मिळाला. काही बाकी नाही.

बाकी सगळी खिडकीपलीकडे होती.

खिडकीत मिस लॉरीन, चष्म्याला मण्यांची साखळी.
लुइझियानातल्या आमच्या खाडीपासून चाळीस मैल,
म्हणजे गाडीचं तेल धरलं तर
पोचायच्या आतच होडी नऊपट महागलेली.
"एक डॉलर," मी म्हणालो.
ती हसली नाही. तिच्याकडे वही आहे,
वहीत एकोणीस फुटी लाकडी होडीला भाव आहे,
आणि कर वहीतल्या होडीवर लागतो,
आमच्या होडीवर नाही.

"कारखाना कोणता?"
आजोबा.
"सांगाड्याचा नंबर?"
तो कधी कुणी घातलाच नव्हता.
एकाहत्तर साली वादळाने पाडलेला सायप्रस
आजोबांनी अंगणातच चिरला, तासला,
आजीच्या कपडे उकळायच्या हंड्यावर धरून
फळ्या वाकवल्या,
आणि नाळेपाशी, आतल्या अंगाला,
खिळ्याने एक मासा कोरला.
"मासा चालेल का?"
मासा चालत नव्हता.

मग तपासनीस. तो येऊन बघणार, त्याचे पंचवीस.
बघून नंबर देणार, त्याचे वेगळे.
मोटारीचा कागद निराळा, कारण मोटार निराळी जन्मली.
आजोबा गेले आहेत याचा दाखला,
मामा एकटाच वारस नाही याची कबुली,
ह्यूस्टनच्या मावशीची सही,
सही तिचीच आहे अशी दुसऱ्या कुणाची सही,
त्या दुसऱ्याचा शिक्का: दहा.
मालकीचा कागद. नोंदणी. हाताळणी.
हाताळणी म्हणजे काय, असं विचारलं
तेव्हा मिस लॉरीनने माझा अर्ज उचलून
डावीकडचा उजवीकडे ठेवला.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला म्हणतात;
इथे तर चार आणेही उसने.

तीनशे अठरा डॉलर, पन्नास सेंट.
चिल्लर मोजता मोजता तिने विचारलं, "राहता पत्ता?"
मी मामाकडे पाहिलं.

मामाने कॉफीचा डबा उघडला.
आत जमिनीचं खरेदीखत. शाई फिकी,
पण सगळं जागच्या जागी:
अकरा एकर, उत्तरेला तारेचं कुंपण,
कोपऱ्यात अंजिराचं झाड, गोठा,
गोड्या पाण्याची विहीर.
मिस लॉरीनने भिंतीवरच्या नकाशात बोट फिरवलं.
बोट निळ्यात जाऊन थांबलं.
तिने चष्मा काढला, तो साखळीला लोंबत राहिला.
"मिस्टर दारदार," ती म्हणाली, "मला इथे
रस्त्याचं नाव टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही."
रस्ता कुंपणाच्याही आधी गेला होता.
शेवटी तिने माझ्या आईचा पत्ता घातला,
गावातला, पक्क्या जमिनीवरचा.
"याचे पैसे नाहीत," म्हणाली.

तपासनीस मे महिन्यात आला. बरा माणूस होता.
माशाला धक्का न लावता
त्याच्या शेजारीच त्याने आकडे ठोकले.
बाहेरून नाळेच्या दोन्ही बाजूंना
मी काळे नंबर चिकटवले,
शेवटचा सात जरा वाकडा बसला.

पहाटे निघालो. मामा पुढे बसला होता, पाठमोरा.
एका ठिकाणी त्याने हात वर केला,
मी मोटार बंद केली.
चहूकडे सारखंच पाणी. पाच फूट असेल.
"कुंपण," तो म्हणाला.
"इथून आत कुणी अडवलं तर
डब्यातला कागद दाखव.
इथून बाहेर, तुझा."

मग जाळं सोडायला घेतलं.
"अंजिरापाशी अडकतं," म्हणाला,
"तिथे जरा उचलून धर."