चीक

कवडी व्याली पहाटे तीनला. गोऱ्हा, पांढराफेक.
पण सडातून आलं ते रक्त अन् पाणी.
मायनं चारही सड पिळून पाहिले,
मग पदराला हात पुसले.
"हिच्यानं नाही होत बाप्पा."

मी घड्याळ पाहिलं.
आर्वीच्या कॉलेजात गेल्याच महिन्यात
वाघाडे मॅडमनी फळ्यावर आतड्याची एक पेशी काढली होती,
उभ्या विटेसारखी, वरच्या अंगाला झालर.
म्हणाल्या, माणसाचं लेकरू वारेतूनच
आईची थोडी शिदोरी घेऊन निघतं.
गाईची वार घट्ट विणीची, तिच्यातून ती पाझरत नाही.
वासरू येतं रिकाम्या हातानं,
म्हणून त्याच्या आतड्याची दारं
एक दिवस उघडी असतात.
एकच दिवस.

सोनबाकाकाची भुरी परवा व्याली होती.
पंचफुलाकाकूनं पहिल्या धारेचा चीक
फ्रीझरात ठेवलेला, सरबताच्या बाटलीत, खरवसासाठी.
"जावाई येनार हाये ना वं," ती म्हणाली
आणि तरी बाटली दिली, पेपरात गुंडाळून.
सागाच्या रानातून स्कूटीवर येताना
मांडीला तिचा गारवा लागत राहिला.

मायनं भगुनं चुलीवर चढवलं.
"उकळू नको!" मी ओरडलेच.
वाफेवर जे घट्ट होतं, ज्याच्या आपण वड्या पाडतो,
तेच तर याचे राखणदार, माय.
एकदा थिजले की गोड लागतात,
कामाचे राहत नाहीत.
ती गप्प झाली. कोमट पाण्यात बाटली धरून
बसली, न्हाऊ घातल्यासारखी.

पहिला घोट उतरला तेव्हा आठला दहा कमी.
दिसलं काहीच नाही.
नाकावर फेस, शेपटीची एक फेक.
पण आत, मला ठाऊक होतं,
पेशीची कातडी दबत असणार,
कापूस वेचताना कमरेचं फडकं खोल होत जातं तशी,
मग कडा एकमेकींना भिडतात
आणि गाठोडं सुटून आत तरंगतं.
कोणाच्या गोठ्यातलं, कोणत्या गाईचं,
ती विचारत नाही.
सोडून पाहत नाही, चाखत नाही,
ह्या काठानं घेते
त्या काठानं रक्ताच्या वाटेला लावते.
भुरीनं आठ वर्षांत अंगावर काढलेले ताप,
त्यांची ओळख आता ह्याच्यात हिंडणार,
ज्याला अजून उभंही राहता येत नाही.

"अन् रोग आला तं?" माय म्हणाली.
"त्यालेही घेईन का असाच?"
घेईल. दार ते दार.
ती उठली. ओलं शेण ओढलं, राख पसरली,
बाटलीचं बूच पुन्हा एकदा धुतलं.

उद्या पहाटेपर्यंत मिटेल ते.
कडी वाजणार नाही.
हळूहळू जुन्या पेशी गळतील, नव्या येतील, शहाण्या,
आणि हाच चीक मग नुसतं अन्न,
तुकडे होऊन पचणारं.

बाटलीच्या बुडाशी चमचाभर राहिलं होतं.
मला खरवस किती आवडतो ते मायले माहीत आहे.
तिनं आतून बोट फिरवलं
आणि गोऱ्ह्याच्या जिभेवर ठेवलं.