एक-दोन-दोन-शून्य

हिवोतच्या प्रबंधाचं अर्पणपान
माझ्या पडद्यावर उघडलं तेव्हा
आईच्या नावाच्या जागी चार चौकोन,
शटर पाडलेल्या गाळ्यांसारखे
ओळीने.

"पेनड्राइव्ह गेला का, दादा?"
म्हटलं, पेनड्राइव्ह धडधाकट आहे,
अक्षरंही आत आहेत.
फक्त माझ्या मशीनकडे
त्यांच्या अंगावर घालायला काही नाही.

मी बऱ्हाटे. मला हे कुणी सांगायला नको.
वीजबिलावर मी बर्हाटे,
रेशनकार्डावर बरहाटे,
बारावीच्या मार्कलिस्टवर ब, मग चौकोन, मग हाटे.
तिघे वेगळे इसम, गाळ्याचं भाडं एकटा भरतो मी.
पापणीच्या केसाएवढा र,
त्याच्यासाठी जुन्या फॉन्टात
ऑल्ट दाबून आकडे चाचपत
माझी नजर गेली. खरंच गेली, चष्मा बघा.

फॉन्ट उतरवायला वीस मिनिटं लागली.
रविवार कारंजावर तेवढ्यात लाइट एकदा जाऊन आली.
मग चौकोन उघडले एकेक करून
आणि हिवोत म्हणाली,
"ही माझी आई नाही."

तीन अक्षरं बरोबर होती.
पहिलं ሰ.
"हा विस्तवाचा स," ती म्हणाली,
"फोनने आपल्या मनाने टाकला.
आईचा स राजाचा."
आणि ऐकू कसा येतो?
"सारखाच. दोन्ही सारखेच.
कॉलेजातले सर म्हणाले, मग काय फरक पडतो."

मला बाई आठवल्या, पाचवी ब,
हातावर पट्टी,
शहामृगाचा की पोटफोड्या?
जिभेने कधीच सोडून दिलेला तो ष
हाताने मात्र अजून सांभाळलाय,
पोट फोडल्याशिवाय पुढे जात नाही.
तिला हे सांगायला गेलो, जमलं नाही.
कागदावर दोन्ही काढून दाखवले.
ती हसली. कळलं असावं.

तक्त्यात दोघांची घरं सापडली.
विस्तवाचा एक-दोन-तीन-शून्य,
राजाचा त्याच्या सोळा घरं अलीकडे.
कुणीतरी, कुठल्यातरी बैठकीत,
चहा गार होऊ देत भांडलं असणार
की आवाज एक असला तरी दारं दोन हवीत.
त्या अनोळखी माणसाला माझा नमस्कार.
मी चार आकडे मारले, ऑल्ट, एक्स.
आकडे विरघळले
आणि तिथे उभी राहिली ሠ,
उलटी करून ठेवलेली तिवई,
तिन्ही पाय वर.

हिवोतने काचेला बोट लावलं.
पडद्यावर ठसा उमटला, मी पुसला नाही.

आता मुखपृष्ठ. बाइंडरकडे सोनेरी छापाचे खिळे
इंग्रजी आणि देवनागरी, बस्स.
मग तिला घेऊन तांबट आळीत गेलो,
उत्तमराव लग्नाच्या ताटांवर नावं घालतात तिथे.
त्यांनी पितळी पट्टी चिमट्यात धरली,
कागद वर-खाली केला,
कुठली भाषा, विचारलंसुद्धा नाही.
विचारलं ते एवढंच:
"सुरुवात कुठून?"

मी मशीनला हे कधी विचारलं नव्हतं.
हिवोतलाही सांगता येईना.
तिने डोळे मिटले, हात हवेत धरला,
जणू मागून कुणीतरी मनगट पकडलंय,
आणि डावीकडून खाली उतरली.

टक टक टक टक.
ठिपक्याला ठिपका लागत गेला.
शेजारच्या भट्टीचा धूर, घंगाळ्यांचा ढीग,
रिकामे हंडे, आणि त्यात एक नाव
जे माझ्याने अजूनही नीट उच्चारत नाही.

पैसे देताना उत्तमरावांनी पावती लिहिली:
"श्री. बराटे."

मी पेन मागितलं.