टच तपासताना

काच बदलली की आधी बोट फिरवायचं,
चार कोपरे, मग मधोमध.
पंधरा वर्षं हेच करतोय
वडगावातल्या या दीड खणाच्या दुकानात.

आज हलगेकरांच्या प्रज्योतचा फोन होता.
हातातनं पडलेल्याला कोपऱ्यात तडा जातो.
हा मधोमध फुटलेला. आपटलेला.
मी विचारलं नाही.
गिऱ्हाइकाला दर सांगावा, कारण विचारू नये.

नवी काच बसवली, बोट फिरवायला लागलो,
आणि नेमकी वरनं एक चिठ्ठी घसरली खाली.
कन्नडात. बोर्ड वाचून वाचून शिकलेलं माझं कन्नड,
अक्षर अक्षर लावलं:
इंदू हेगिद्दीया? आज कसा आहेस?
खाली पाच गोल तोंडं,
रडव्यापासनं हसऱ्यापर्यंत.
बोट चाललेलंच होतं.
ते हसऱ्यावर पडलं.

फोन खूश झाला.
काचभर पानंफुलं उधळली त्यानं
आणि एक आलेख उघडला:
सत्तावीस दिवस
जमिनीला पोट घासत चाललेली रेघ,
अठ्ठाविसाव्या दिवशी
माझ्या बोटानं
एकदम आभाळात.

मागं घ्यायला बघितलं. बटणच नाही.

घर मराठी त्याचं. आई मराठी पेपर
शेवटच्या पानापर्यंत वाचते.
बाप मागावर. सोप्यात चार पॉवरलूम,
सकाळी सहापासनं खटक खटक खटक,
त्या घरात माणसं ओठ बघून बोलतात.
मग पोरानं हे कन्नडात का ठेवलं असेल?
कळायला वेळ लागला मला.
कुलूप होतं ते.
ज्या अक्षरांवरनं मोठी माणसं इथं
बोर्डांना काळं फासतात,
ती त्यानं आतनं कडीसारखी
लावून घेतली होती.

संध्याकाळी आला. सायकल भिंतीला टेकवली.
"किती झाले, मामा?"
"नऊशे. खरं एक चूक झाली बघ माझ्याकडनं.
टच बघताना ते हसरं तोंड दाबलं गेलं.
आज तू खुशीत होतास म्हणून लिहिलंय त्यात."

कान लाल झाले त्याचे.
"वाचलं काय तुम्ही?"
"रेघ तेवढी बघितली."

बराच वेळ तो चार्जरच्या वायरी मोजत राहिला.
मग म्हणाला, "श्वास घे म्हणतंय ते. चार आकडे मोज म्हणतंय.
मोजतो. बरं वाटतंय थोडं.
रात्री दोनला दुसरं कोण जागं असतंय?"

शहाणपण मला येत नाही. काच बदलायला येते.
स्टूल पुढं सरकवलं,
पलीकडच्या टपरीला दोन बोटं दाखवली.
चहा आला. तो बसला. बोलला नाही.
मी दुसऱ्या एका फोनची पाठ उघडत राहिलो,
स्क्रू इतके बारीक की मान वर करायची गरजच नाही.

साडेसातला लाइट गेली. गल्लीतले सगळे माग
एका दमात थांबले,
आणि इतकं गप्प झालं
की त्याचं नाक ओढणं ऐकू आलं.

अंधारातच म्हणाला,
"उद्या येऊ काय?"
"ये की. खरं काहीतरी फोडूनच आणायला पाहिजे
असं नाही."

तो गेल्यावर आठवलं,
नऊशे रुपये घ्यायचे राहिले.
राहू देत.
उद्या दिसला नाही तर
मागायच्या निमित्तानं
त्याच्या दारात जाऊन उभं राहता येईल.