खोली

बर्फाच्या कारखान्याला टेकून दहा बाय आठची खोली,
पाटीवर भावाचं नाव.
नितेशला मस्कतला जाऊन नऊ वर्षं झाली,
पाटी रंगवायचे पैसे दरवर्षी
कशात ना कशात जातात.

गिऱ्हाईक दारातच थांबतं.
"नितेश आसा?"
नाही. मी आहे.
"मागसून येतंय," म्हणतं,
आणि मशीन तेवढं ठेवून जातं.

फिश फाइंडर. काळा डबा, आत पाणी गेलेला,
कधी उंदराने वायर खाल्लेली.
रात्री मी तो उघडते.
तो खाली एक आवाज सोडतो
आणि परतीची वाट बघतो;
जितका उशीर, तितकं पाणी खोल.
एवढंच आहे त्यात.
मला हे बारावीतच कळलं होतं.
पण प्रयोगशाळेत एका टेबलाला एकच मीटर,
आणि सर म्हणायचे, वायरी मुलगे जोडतील,
दमयंती, तू रीडिंग लिही,
तुझं अक्षर चांगलं आहे.

खरंच चांगलं होतं.
चार पोरांच्या जर्नल्स माझ्याच अक्षरात पास झाल्या.

मालवणच्या पॉलिटेक्निकला आम्ही तिघी, साठांत.
प्रॅक्टिकल संपायचं पाच चाळीसला,
देवगडची शेवटची एसटी साडेपाचची.
दहा मिनिटं.
मुलगे ट्रकला हात करायचे.
सुगंधाने पहिल्या सहामाहीत सोडलं, फिलोमिनाने दुसऱ्या.
मी दीड वर्ष काढलं,
वर्कशॉपमागच्या कुलूपबंद संडासाची किल्ली
नेमकी कुणाकडे असते ते शोधत.

मागे एक मॅडम आल्या होत्या फॉर्म घेऊन.
बायका या क्षेत्रात कमी का?
खाली चौकोन: आवड नाही. लग्न. घरची परवानगी. इतर.
मी 'इतर'वर खूण केली.
पुढे बोटभर रेघ. त्यात लिहिलं: साडेपाच.
मॅडमना वाटलं, मी घड्याळ बघून वेळ टाकली.

समुद्रावर मी कधी गेले नाही.
"बायलमाणसान होडयेत पाय ठेवचो नाय,"
वासू तांडेल सांगतो, रागावून नाही,
कुळाचार सांगावा तसा.
पण जुलैत होड्या वर ओढलेल्या असतात, झावळ्यांखाली,
आणि तळाला खालून हात लावू नये
असं कुणी सांगून ठेवलेलं नाही.
मी ओल्या वाळूत उताणी पडून
फळीला सेन्सर बसवते,
नाकावर शेवाळ, केसांत डांबर,
नुसते पाय बाहेर.
पोरं ओळखतात, दमूआतेचे पाय.

ऑगस्टात होडी जाते.
वासूचा फोन मस्कतला:
"बावीस वाव, अगदी बरोबर दाखवता रे!"
नितेश ते मला कळवतो.
आधी हसत कळवायचा. आता नुसतं कळवतो.

काल त्याची स्वरांगी आली, आठवीतली.
मल्टिमीटर बघून तिने हात पुढे केला.
आणि मी, घाईत, मान वर न करता,
थांब, म्हटलं, तू आकडे लिहून घे,
तुझं अक्षर—

आवाज खाली गेला.
मी वाट बघत बसले.
शेजारी बर्फाची लादी पडली, धप्प.
तिने पेन उचललं,
टोपण लावलं,
आणि माझ्याकडे सरकवलं.