मी गेल्यावर लावा

एप्रिल लागला की फोन सुरू होतात.
पंप खेचत नाही, पंखा कुरकुरतो, टाकी गळते.
मी जातो. लालगंज, टिमकी, गोळीबार चौक,
स्कूटीच्या पुढ्यात खसच्या ताट्या, डिक्कीत पान्हे.
चोवीस वर्षं झाली या धंद्याला.

तीन वर्षांपासून एकच नवी सवय:
जाळी बसवली, तार जोडली, की म्हणतो,
"मी गेल्यावर लावा."
गिऱ्हाईक हसतं. "चालवून तर दाखव ना बे!"

कसं सांगू.
मेडिकलच्या त्या वॉर्डात, एकोणीस नंबरच्या पलंगाशी
असाच आवाज असायचा.
आधी घरघर, मग बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे,
मग एक लांब, ओला श्वास.
एकोणीसवर उमरेडचे गजबे होते.
रात्री विचारायचे, "झोपला का गा?"
मी नाही म्हणायचो. त्यांना तेवढं पुरायचं.

एका रात्री मी झोपलो.

सकाळी बुडबुडे बंद होते
आणि त्यांचा चार्जर माझ्या फोनला लावलेला.

घरी आलो तेव्हा गल्लीतली माणसं
माझ्या दारापाशी आली की पलीकडच्या काठाने चालायची.
नंदनवारनं, ज्याच्यासोबत वीस वर्षं तर्री-पोहे खाल्ले,
माझे पैसे घ्यायला साबणाच्या पाण्याची वाटी पुढे केली.
तो अजून हात धुताना ओठ हलवतो.
वीसपर्यंत मोजतो. मी बघतो, बोलत नाही.

माझ्या घरचा कूलर बंद असतो.
पोरगी ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन अभ्यास करते.
बायको "काऊन?" असं एकदाच म्हणाली होती.
चार्जर कपाटात आहे.
उमरेड तसं लांब नाही.

परवा टिमकीतल्या बारापात्रेबाईंनी बोलावलं.
खोलला, पाहिला. काहीच बिघाड नव्हता.
"बाई, हा तर चांगला आहे."
"माहीत हाय मले.
हे आतल्या खोलीत होते, वेगळे. हा इथं चालू होता.
याच्या आवाजात मले त्यायची हाक ऐकू नाही आली.
तवापासून एकटीनं बटन दाबल्या नाही जात."

मी पान्हा खाली ठेवला.
"तुम्ही दाबा." "नाही, तुम्ही."
असं तीनदा झालं.
कुणाचं बोट आधी लागलं, आठवत नाही.

घरघर झाली. ताट्यांवरून पाणी उतरलं.
आणि खसचा वास आला.

वॉर्डात खसचा वास नव्हता.
हे मला तीन वर्षांत सुचलं नव्हतं.

बाई पदर तोंडाला लावून बसल्या, मी स्टुलावर.
टाकी अर्धी होईपर्यंत कुणी बोललं नाही.
"किती झाले?"
"काही केलंच नाही मी."
त्यांनी पन्नासची नोट दिली.
टेबलावर ठेवली नाही, हातात दिली.

रात्री घरच्या ताट्या भिजवल्या.
एवढंच.
बटनाचं उद्या बघू.