टंच

सुमेधा शेंडुरेचा प्रकल्प, अकरा पानं,
त्याला टाचणीनं लावलेला कॉलेजच्या सॉफ्टवेअरचा अहवाल:
यंत्रलिखित असण्याची शक्यता एक्क्याण्णव टक्के.
वर लाल वर्तुळ, मिटायला जरासं राहिलेलं.

प्राचार्य म्हणालेत, सही करा, समितीकडे पाठवू.

विषय तिनंच घेतलेला: हुपरीची चांदी.
बाप टंच काढतो. कुणाच्या पैंजणात
चांदी किती, भेसळ किती,
त्याच्या चिठ्ठीवर गाव चालतं.

ती समोर उभी. एसटीचा पास बोटांत दुमडत.
"मॅडम, मी रात्री दोनपर्यंत बसलोवतो.
आधी हातानं लिवलो, मग मोबाईलवर टाईप केलो."

माझी जीभ सवयीनं पुढं झाली:
"बसले होते."
"हां. बसले होते."

कपाटात तिची पहिल्या वर्षाची वही होती.
का ठेवली होती, आठवत नाही.
*पप्पा चांदी आटवत्यात तवा घरात कोण बोलत न्हाई.
मी पायरीवर बसतो. मुशीतनं हिरवा जाळ दिसतो.*
बसतो-भोवती माझं वर्तुळ. न्हाई-भोवती माझं वर्तुळ.
समासात माझं अक्षर:
बोली टाळ. प्रमाण लिही. शेवट निष्कर्षानं कर.

तिनं सगळं ऐकलं.
आता अकरा पानांत
*सदर व्यवसाय हा परिसराच्या अर्थकारणाचा कणा आहे*,
आणि *थोडक्यात असे म्हणता येईल की*
तीन वेळा.
पायरी नाही. जाळ नाही.
घरात कोण गप्प बसलं होतं, कुणाला कळणार नाही.

विश्वतेजचा प्रकल्प चार टक्के. स्वच्छ.
त्यात न्हाई, हुतं, लई, आणि चमच्यानं मोजून घातल्यासारख्या
प्रत्येक पानावर दोन चुका.
*आमच्या वावरात*, लिहितो तो.
ताराबाई पार्कात सहाव्या मजल्यावर राहतो.
मी काही बोलले नाही. माझ्याकडे तरी कुठला पुरावा,
कानाशिवाय?

काल रात्री मी माझाच प्रबंध घातला त्या यंत्रात,
सत्त्याण्णव सालचा, पहिलं प्रकरण,
शिवाजी पेठेतल्या टायपिस्टकडनं टाईप करून घेतलेला.
त्र्याऐंशी टक्के.
हसू आलं, मग मध्येच थांबलं.

गारगोटीहून आले तेव्हा
होस्टेलच्या दारात म्हणाले होते, "मी आलो."
पुण्याची एक मुलगी होती खोलीत, ती खूप वेळ हसली.
त्या दिवसानंतर मी नेहमी
आलेच.

"तुझे पप्पा ओळखतात कसं?" मी विचारलं.
सहीऐवजी हेच सुचलं.
"वरनं घासून पक्कं कळत न्हाई, मॅडम.
तुकडा कापून आटवाय लागतो.
टंच काढायचा म्हंजे थोडी चांदी मरतीच."
मग माझ्याकडे बघून, हळूच:
"मरते."

खणात कोरे कागद होते.
म्हणणार होते, बस इथं, माझ्यासमोर लिही पानभर,
मी बघते.
खण अर्धा उघडला. तसाच ठेवला.

"ती पायरी," मी म्हटलं, "आतली का बाहेरची?"

तिला आधी समजलंच नाही.
मग ती सांगत राहिली: उंबऱ्याच्या आतली,
तिसरी, तिथं फरशी गार लागते,
रस इतका चकचकीत होतो की पप्पांच्या चष्म्यात दिसतो,
आणि एकदा धाकटा शिंकला
तेव्हा सगळी त्याच्यावरच ओरडली, उगंच.
पाचची हुपरी गाडी गेली. साडेपाचचीही गेली असावी.

दारात शिपाई बाबर: "मॅडम, सायेब थांबल्यात.
ते फॉर्म घिऊन या म्हंत्यात."

फॉर्म उचलला. सहीची जागा कोरी.
पहिल्या वर्षाची वहीही उचलली.

"आलो," मी म्हणाले.

सुमेधानं मान वर केली.